मुलांची औषधे आणि मोठ्यांची अनुमाने

चौदा नोव्हेंबर ही तारीख आपल्याकडे बालदिन म्हणून सर्वांच्या परिचयाची आहे. पंडित नेहरूंच्या जन्मदिनाचा हा सोहळा शाळाशाळांतून हौसेने साजरा होतो. हाच दिवस जगभर मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो, हे मात्र त्या मानाने थोड्यांच्या ध्यानी असते. इन्सुलिनच्या शोधाचे एक मानकरी डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म १८९१ सालच्या याच तारखेचा. हा योग निव्वळ पंचांगाचा असला, तरी विचार करण्याजोगा आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात ज्या पहिल्या रुग्णाला इन्सुलिन टोचण्यात आले, तो लेनर्ड थॉम्सन अवघ्या चौदा वर्षांचा होता. ११ जानेवारीचा पहिला प्रयत्न फसला, कारण अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. जेम्स कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध करून दिल्यावर २३ जानेवारीस पुन्हा टोचणी सुरू झाली आणि मरणपंथाला लागलेला तो मुलगा सावरला. त्यानंतर तो आणखी तेरा वर्षे जगला. मधुमेहावरील आधुनिक उपचाराची पहिली कसोटी अशी एका मुलाच्या देहावर लागली.

त्यानंतरच्या शतकात मात्र क्रम उलटला. मधुमेहावर एकामागून एक नवी औषधे निघाली, ती प्रौढांवर तपासली गेली, प्रौढांसाठी मान्य झाली आणि प्रौढांच्या घरोघरी पोहोचली. मुलांची पाळी शेवटी आली, आणि पुष्कळ औषधांच्या बाबतीत तर आलीच नाही. याला एके काळी सबळ कारण होते. मुलांना होणारा मधुमेह बहुधा पहिल्या प्रकारचा. त्यात स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशीच नष्ट होतात, आणि इन्सुलिनखेरीज त्याला तरणोपाय नसतो. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह हा चाळिशी-पन्नाशीतील माणसांचा विकार; इन्सुलिन तयार होते, परंतु शरीर त्याला दाद देत नाही, आणि कालांतराने स्वादुपिंडही थकते. गोळ्या होत्या त्या या दुसऱ्या प्रकारासाठी. त्या मुलांवर तपासण्याचे प्रयोजन कोणास वाटले नाही.

आज ही वाटणी मोडली आहे. दुसऱ्या प्रकारचा मधुमेह दहा-बारा वर्षांच्या मुलांत आढळू लागला, त्यालाही आता दोन पिढ्यांचा काळ होत आला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००६ पासून तरुण मधुमेहींची जी राष्ट्रीय नोंदवही ठेवली आहे, तिच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे २०११ पर्यंत, पंचविशीच्या आत निदान झालेले ५,५४६ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा होता. यांतील बहुसंख्य विशीच्या आसपासचे होते हे खरे. पण शाळकरी वयाचे नव्हतेच असे नाही. आम्हां गोमंतकीयांना तर या विषयाकडे पाठ फिरवण्याची सोय उरलेली नाही. याच परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार वीस वर्षांवरील लोकसंख्येत मधुमेहाचे प्रमाण सर्व राज्यांत गोव्यात अधिक, म्हणजे २६.४ टक्के निघाले. ज्या राज्यात दर चार प्रौढांमागे एक मधुमेही, तेथील मुले या वारशापासून अलिप्त राहतील असे मानणे हा भाबडेपणा होय.

मुलांमधील हा विकार मोठ्यांच्या विकाराची सौम्य आवृत्ती असावी असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. अमेरिकन सरकारच्या पैशाने 'टुडे' या नावाने एक मोठी चाचणी झाली. तिच्यात दहा ते सतरा वर्षांची ६९९ मुले होती आणि निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. मेटफॉर्मिन या सर्वपरिचित गोळीने मोठ्यांची साखर वर्षानुवर्षे आटोक्यात राहते. परंतु या चाचणीत केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांच्या बाबतीत, नेमके सांगायचे तर ५१.७ टक्क्यांच्या बाबतीत, ती चार वर्षांच्या आतबाहेर अपुरी ठरली. याच मुलांचा मागोवा पुढेही घेण्यात आला. सरासरी वय सव्वीस झाले, निदानाला सरासरी तेरा वर्षे लोटली, तोवर दोन तृतीयांश जणांना रक्तदाब जडला होता, निम्म्याहून अधिकांची मूत्रपिंडे बिघडू लागली होती, आणि दर दहांपैकी सहा जणांना डोळे, मज्जातंतू वा मूत्रपिंड यांपैकी एखादे तरी दुखणे लागले होते. सव्विसावे वर्ष म्हणजे माणूस संसाराला लागण्याचे वय. त्या वयात डोळे आणि मूत्रपिंडे सांभाळत बसण्याची वेळ ज्यांच्यावर येते, त्यांना उत्तम औषधाची गरज त्यांच्या वडिलांहून अधिक आहे, हे कोणीही मान्य करील.

मग मोठ्यांना लागू पडलेली औषधे मुलांना का देऊ नयेत? वजनाच्या हिशोबाने मात्रा कमी केली की झाले, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांत केवळ अजाण पालकच आहेत असेही नाही. या प्रश्नाचे उत्तर एका अलीकडच्या चाचणीने इतक्या स्वच्छपणे दिले आहे की तिची हकीकत थोडी तपशिलाने सांगणे अवश्य वाटते.

'डायनॅमो' हे त्या चाचणीचे नाव. ती पंधरा देशांतील शंभराहून अधिक केंद्रांत झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट' समूहाच्या मधुमेहविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासायच्या गोळ्या दोन होत्या. लिनाग्लिप्टिन ही एक. आतड्यातून स्रवणारा एक संप्रेरक जेवणानंतर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्याची सूचना देतो. तो लवकर नष्ट होऊ नये अशी तजवीज ही गोळी करते. दुसरी एम्पाग्लिफ्लोझिन. ती स्वादुपिंडाच्या वाटेला जातच नाही. मूत्रपिंडे जी साखर गाळून पुन्हा रक्तात घेतात, ती लघवीवाटे बाहेर जाऊ देते. अमेरिकेत पहिली प्रौढांसाठी २०११ मध्ये मान्य झाली, दुसरी २०१४ मध्ये. लक्षावधी प्रौढ या दोन्ही गोळ्या वर्षानुवर्षे घेत आले आहेत आणि दोहोंचा त्यांना उपयोग होतो, याविषयी शंका नाही.

दहा ते सतरा वर्षांच्या १५८ मुलामुलींची चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे तीन गटांत विभागणी झाली. एका गटास लिनाग्लिप्टिन, दुसऱ्यास एम्पाग्लिफ्लोझिन आणि तिसऱ्यास औषधाचा अंश नसलेली, परंतु दिसण्यात तशीच गोळी देण्यात आली. कोणास काय मिळते हे ना मुलांना ठाऊक होते, ना त्यांच्या डॉक्टरांना. बहुतेक मुलांचे पूर्वीचे मेटफॉर्मिन वा इन्सुलिन चालूच होते, त्यामुळे तिसऱ्या गटातील मुले उपचारावाचून राहिली असे नव्हे. शिवाय सव्वीस आठवडे संपताच त्यांनाही खऱ्या औषधांपैकी एक सुरू करण्यात आले. मागील दोन-तीन महिन्यांची रक्तशर्करा सांगणारी 'एचबीए-वन-सी' ही तपासणी मधुमेहींच्या घरात सर्वांना ठाऊक असते. सव्वीस आठवड्यांनंतर तिचा आकडा, तिसऱ्या गटाशी तुलना करता, एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या मुलांत ०.८४ ने उतरला. लिनाग्लिप्टिन घेणाऱ्यांत तो ०.३४ ने उतरला. हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता, असा संख्याशास्त्राचा निर्वाळा आहे. थोडक्यात, मोठ्यांना उपयुक्त अशा दोन गोळ्यांपैकी एक मुलांना लागू पडली, दुसरी पडल्याचे दिसले नाही.

हा अपवाद असता तर कोणी सोडून दिला असता. परंतु याच कुळातील सिटाग्लिप्टिन ही गोळी पाहा. अमेरिकेत २००६ मध्ये ती मोठ्यांसाठी मान्य झाली. मुलांवरील तीन चाचण्यांत, मिळून चारशेहून अधिक मुलामुलींचा समावेश करून, ती तपासून पाहिल्यावर तिची उपयुक्तता सिद्ध होत नाही, असे डिसेंबर २०२० मध्ये तिच्या माहितीपत्रकात नमूद करावे लागले. मधल्या चौदा वर्षांत जगाच्या पाठीवर किती मुलांनी ती गोळी विश्वासाने गिळली असेल, याचा हिशोब कोणापाशी नाही. २०२३ मध्येच सॅक्साग्लिप्टिन या तिसऱ्या भावंडाची तीच गत झाली. त्याच चाचणीत तपासलेले, मूत्रपिंडावाटे साखर घालवणारे डॅपाग्लिफ्लोझिन मात्र कसोटीस उतरले आणि जून २०२४ मध्ये अमेरिकेत दहा वर्षांवरील मुलांसाठी मान्यता पावले. एम्पाग्लिफ्लोझिनला ती जून २०२३ मध्येच मिळाली होती. रोज टोचावयाचे लिराग्लुटाइडही १३४ मुलांवरील चाचणीत उपयुक्त ठरले आणि जून २०१९ मध्ये मान्य झाले. त्याआधी मुलांच्या या मधुमेहावर इन्सुलिन सोडून एकच मान्य औषध होते, ते म्हणजे मेटफॉर्मिन, आणि तेही २००० सालच्या अखेरीस मान्य झालेले. जवळजवळ एकोणीस वर्षे वैद्यकाच्या हाती मुलांसाठी मान्यताप्राप्त असे दुसरे औषध नव्हते.

गोळ्यांच्या एका कुळाने असा दगा का द्यावा, याचे अनुमान करता येते. वयात येताना शरीर इन्सुलिनला मुळातच कमी दाद देऊ लागते. तशात मधुमेह झालेल्या मुलांत हा विरोध प्रौढांहूनही तीव्र असतो आणि स्वादुपिंडावर पडणारा ताण फार मोठा असतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'राइज' या अभ्यासात दिसले. ज्या गोळीची सारी भिस्त स्वादुपिंडाला थोडी चालना देण्यावर आहे, ती येथे तोकडी पडत असावी. पण लक्षात घ्यावयाचे ते हे, की असे अनुमान चाचणीनंतरच सुचते. चाचणीपूर्वी दोन्ही गोळ्या सारख्याच आशादायक दिसत होत्या. शास्त्रात तर्काला मोठे स्थान आहे. परंतु तर्काचा निवाडा तर्काने करता येत नाही, प्रयोगानेच करावा लागतो. मूल म्हणजे लहान मापाचा माणूस, ही कल्पना शिंप्याला पुरत असेल. वैद्याला ती पुरत नाही.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. मुलांवर औषधांचे प्रयोग करणे हे माणुसकीला धरून आहे काय? ज्याला स्वतःचे हित पुरते कळत नाही, नकार देण्याचे बळ ज्याच्यापाशी नाही, त्याच्या देहावर शास्त्राने आपली जिज्ञासा भागवावी काय? हा आक्षेप भाबडा म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. त्याला आपल्याच देशाच्या अनुभवाचा आधार आहे, आणि तोही जेथे मराठी समाज पिढ्यान् पिढ्या नांदत आला आहे अशा दोन शहरांशी जोडलेला.

पहिला अनुभव वडोदऱ्याचा. २००९-१० मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीचा एक प्रकल्प आंध्रातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यात राबवण्यात आला. दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे चोवीस हजार मुलींना लस टोचली गेली. सात मुली दगावल्याचे उघड झाल्यावर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. त्या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसत नाही असा चौकशीचा निष्कर्ष निघाला आणि ती लस आज जगभर उपयुक्त मानली जाते, हे येथे सांगितलेच पाहिजे. परंतु ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने जो अहवाल दिला, त्यातील संमतीविषयीचा भाग वाचून मान खाली जाते. आंध्रात हजारो संमतिपत्रांवर आईबापांऐवजी मुख्याध्यापकांच्या वा वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. गुजरातेत हजारोंवर नुसते अंगठे उठवलेले होते. औषध निर्दोष असले म्हणून ते देण्याची रीत निर्दोष ठरत नाही.

दुसरा अनुभव इंदूरचा. तेथील औषधचाचण्यांत गरीब रुग्णांना पुरती कल्पना न देता गोवण्यात आले, त्यांत मुलेही होती, अशा तक्रारी उठल्या आणि त्याच शहरातील स्वास्थ्य अधिकार मंच या संस्थेने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. न्यायालयाने २०१३ मध्ये चाचण्यांच्या सैल कारभारावर कडक शब्दांत ताशेरे ओढले आणि रुग्णाची संमती घेतानाचे दृक्-श्राव्य चित्रण करण्याचा आदेश दिला. मार्च २०१९ मध्ये आलेले नवीन औषधे व चिकित्सा चाचण्यांचे नियम हे बऱ्याच अंशी या लढ्याचे फळ आहे. इजा झाल्यास भरपाई, स्वतंत्र नीतिसमितीची मान्यता, चाचणीची आगाऊ जाहीर नोंदणी, या गोष्टींना आता कायद्याचे बळ आहे. संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी आणखी एक पाऊल टाकले: पालकांची संमती पुरेशी नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि बारा वर्षांवरील मुलाची लेखी अनुमतीही घेतली पाहिजे. मुलाला समजेल अशा भाषेत त्याला सांगायचे, आणि तो नको म्हणाला तर ते ऐकायचे, हा त्याचा अर्थ.

इतके सारे ध्यानी घेऊनही, मुलांवर चाचण्याच नकोत हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. कारण चाचणी थांबवल्याने मुलांच्या पोटात औषध जाणे थांबत नाही. समोर तेरा वर्षांचे मूल आहे, मेटफॉर्मिनने साखर हटत नाही, आणि इन्सुलिन टोचून घ्यायला मूल राजी नाही. अशा वेळी मोठ्यांची एखादी गोळी लिहून देण्याचा मोह सज्जन डॉक्टरालाही होतो. आपल्या देशात तर ती गोळी आता हाताशी आणि स्वस्त आहे. सिटाग्लिप्टिनचे भारतातील पेटंट २०२२ मध्ये सरले, एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये; आणि पेटंट सरताच डझनावारी कंपन्यांच्या गोळ्या बाजारात आल्या. आजोबांच्या डब्यातील गोळी नातवाला देण्यास आता पैशाचीही आडकाठी उरलेली नाही. असे प्रत्येक देणे हा एक प्रयोगच असतो. फरक इतकाच, की त्याची नोंद होत नाही, त्यावर नीतिसमितीची नजर नसते, मुलाची अनुमती कोणी विचारीत नाही, अपाय झाला तर भरपाईचा प्रश्न निघत नाही, आणि निष्पन्न काय झाले हे पुढच्या मुलाच्या उपयोगी पडत नाही. रीतसर चाचणी ही मुलांना धोक्यात लोटणारी गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी या बेवारशी प्रयोगांकडेही एकदा पाहावे.

चाचणीचीही मर्यादा आहे, हे आम्ही जाणतो. दीडशे मुलांच्या अभ्यासात हजारांत एखाद्याला होणारा अपाय दिसून येत नाही. सव्वीस आठवड्यांत दहा वर्षांनंतरचे परिणाम कळत नाहीत. 'टुडे' चाचणीतच याचा धडा आहे. मेटफॉर्मिनच्या जोडीला रोसिग्लिटाझोन दिलेल्या गटाला सर्वांत चांगले यश आले होते. परंतु चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध होण्यापूर्वीच, सप्टेंबर २०१० मध्ये, हृदयविकाराच्या शंकेवरून युरोपने ते औषध स्थगित केले आणि अमेरिकेने त्यावर कडक बंधने घातली. ती बंधने २०१३ मध्ये सैल झाली, तरी औषध मागे पडले ते पडलेच. म्हणून मान्यता मिळाली की जबाबदारी संपली असे नव्हे; त्यानंतरही वर्षानुवर्षे मुलांचा मागोवा घेतला पाहिजे. दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याकडे २०१० पासून आहे. त्याच्याकडे कळवण्याची सवय डॉक्टरांना जडली पाहिजे.

येथे एक प्रश्न साहजिकच निघेल. परदेशात चाचण्या झाल्याच आहेत, तर त्यांचेच निष्कर्ष आपण का स्वीकारू नयेत? काही प्रमाणात स्वीकारावे लागतीलच. परंतु अमेरिकेतील 'टुडे' चाचणीत प्रवेशाची अटच अशी होती, की मूल जाड असले पाहिजे. आपल्याकडील चित्र इतके सरळ नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातांचा आणि बालकांचा जो अभ्यास चालवला, त्याने एक विलक्षण गोष्ट जगापुढे आणली. तेथील नवजात बालक इंग्लंडमधील बालकापेक्षा वजनाने सुमारे पाऊण किलो कमी भरते. पण त्याच्या अंगातील मांस जितके कमी, तितकी चरबी कमी नसते. दिसायला किडकिडीत, आतून मेदयुक्त अशी ही ठेवण पुढील आयुष्यात मधुमेहाला आमंत्रण देते. अशा ठेवणीच्या मुलाला, लघवीवाटे साखर आणि तिच्याबरोबर वजनही घालवणारी गोळी कितपत मानवेल, याचे उत्तर जाडजूड मुलांवरील चाचणीतून पूर्णपणे मिळणार नाही. ते येथेच शोधावे लागेल.

आणि ते कोण शोधणार? औषधकंपन्या शोधतील ही आशा व्यर्थ होय. अमेरिकेत कंपन्या मुलांवर चाचण्या करतात त्या केवळ दयाबुद्धीने नव्हे. १९९७ च्या कायद्याने त्यांना आमिष दाखवले: मुलांवर अभ्यास करा, सहा महिन्यांची जादा मक्तेदारी घ्या. २००३ च्या कायद्याने सक्तीही केली. पेटंट संपलेल्या, पाच-पंचवीस कंपन्या बनवीत असलेल्या स्वस्त गोळीची चाचणी करण्यात कोणत्याही एका कंपनीचा लाभ नाही. लाभ आहे तो मुलांचा, आणि मुलांच्या लाभाचा विचार करणे हे सरकारचे काम आहे. 'टुडे' चाचणी अमेरिकन सरकारच्या पैशाने झाली, तद्वतच स्वस्त भारतीय गोळ्यांची भारतीय मुलांवरील चाचणी आपल्या संशोधन परिषदेने सार्वजनिक पैशातून, अनेक वैद्यक महाविद्यालयांच्या सहकार्याने हाती घेतली पाहिजे. या विकाराची मुले एका रुग्णालयात मूठभरच सापडतात. पंधरा देशांतून १५८ मुले जमवायला 'डायनॅमो'ला चार वर्षे लागली. गोव्याचे वैद्यक महाविद्यालय, पुणे-मुंबईची रुग्णालये, बेळगाव, हैदराबाद, इंदूर, वडोदरा येथील संस्था एकत्र आल्याखेरीज हे काम होणे नाही.

तत्पूर्वी एक लहानसे पाऊल गोवा सरकारला आजच उचलता येईल. राज्य छोटे आहे, लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास. अठरा वर्षांखालील प्रत्येक मधुमेही मुलाची, त्याच्या मधुमेहाच्या प्रकारासह आणि त्याला दिल्या जाणाऱ्या औषधासह, गोपनीयता राखून नोंद ठेवणे येथे अशक्य नाही. कोणत्या मुलाला कोणती गोळी दिली आणि पुढे काय झाले, एवढे जरी पाच वर्षे प्रामाणिकपणे टिपले गेले, तरी आज अंधारात होत असलेल्या प्रयोगांवर थोडा प्रकाश पडेल. सर्वाधिक मधुमेहाचे राज्य ही ओळख कोणी मागून घेतलेली नाही. निदान मधुमेही मुलांची उत्तम निगा राखणारे राज्य ही ओळख मिळवणे तरी आपल्या हाती आहे.

पालकांनाही दोन शब्द. मुलाला मधुमेह झाला की घरातील वडीलधारी मंडळी त्याच्या खाण्याला आणि आळसाला बोल लावू लागतात. आहार सुधारावा, मैदानावर खेळावे, हे निर्विवाद. परंतु 'टुडे' चाचणीत औषधाच्या जोडीला आहारविहाराचे कसून शिक्षण मिळालेल्या मुलांतही सुमारे ४७ टक्क्यांच्या बाबतीत उपचार अपुरा पडला. मुलाने निग्रह केला नाही म्हणून साखर वाढली, असे दर वेळी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्यापेक्षा डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: ही गोळी याच्या वयाच्या मुलांवर तपासलेली आहे काय? या प्रश्नाचा राग चांगल्या डॉक्टरला येणार नाही. आणि उद्या एखाद्या नामांकित रुग्णालयाने रीतसर चाचणीत मुलाला घेण्याविषयी विचारले, तर 'प्रयोग' या शब्दाने दचकून पाठ फिरवू नये, आणि डोळे मिटून सहीही करू नये. कागद घरी आणावा, मुलासह वाचावा, शंका विचाराव्यात. नकार देण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क आपल्याला आहे, हे लक्षात ठेवावे.

ज्या १५८ मुलांनी 'डायनॅमो'मध्ये भाग घेतला, त्यांतील एक तृतीयांश मुलांनी अशी गोळी घेतली जी बहुधा त्यांच्या उपयोगाची नव्हती. वरवर पाहता त्यांचे सव्वीस आठवडे वाया गेले. परंतु त्यांच्यामुळेच आज जगातील कोणत्याही डॉक्टरला हे ठाऊक आहे, की ती गोळी या वयात भरवशाची नाही. त्या मुलांचे हे ऋण आहे, आणि ते फेडण्याची वाट एकच: त्यांनी दिलेली माहिती प्रत्येक दवाखान्यापर्यंत पोहोचवणे, आणि जे त्यांच्याकडून कळले नाही ते आपल्या भूमीत, उघडपणे, कायद्याच्या आणि विवेकाच्या चौकटीत शोधणे. मुलांच्या बाबतीत मोठ्यांनी अनुमानांवर भागवण्याचा काळ आता संपावयास हवा.